मखमलीवरची रिकामी जागा

गुरुवारी सकाळी गप्पाशेठ माल सोडवायला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले आणि हात हलवत परत आले. सुरुवात एवढीच. पुढे जे झालं त्याच्या मानाने ती इतकी साधी होती, की त्या बाजारातली माणसं अजूनही ही हकीकत सांगताना आधी घसा खाकरतात. कुठून धरायचं, तेच त्यांना कळत नाही.

गप्पाशेठ हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. त्यांचं घरगुती वस्तूंचं दुकान त्या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं. गिऱ्हाईक साधा चमचा घ्यायला आलं तरी त्याला बसवायचं, घरच्यांची विचारपूस करायची, दोन किस्से ऐकवायचे आणि मग चमचा काढायचा, ही त्यांची रीत. "वस्तू काय, कुठेही मिळते," ते म्हणत, "माणूस आपल्याकडेच का येतो ते बघायचं." आणि माणूस त्यांच्याकडे का येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस येई शेठाणीच्या हसण्यासाठी.

शेठाणीचं हसणं सांगायचं म्हणजे, आधी आवाजच नाही. नुसते खांदे हलायचे. मग नाकातून एक फुर्र, आणि मग धरण फुटावं तसं खदाखदा, पदराने डोळे पुसावे लागेपर्यंत. समोरच्या फुटपाथवरचा माणूस थांबून विचारायचा, "काय झालं हो?" झालेलं काहीच नसायचं. एखाद्या म्हाताऱ्याने किटलीचं झाकण डोक्यावर घालून बघितलेलं असायचं, इतकंच. तेहतीस वर्षांपूर्वी शेठ तिच्या वडिलांकडे माल दाखवायला गेले होते, तेव्हा आतल्या खोलीतून ते हसू आलं आणि शेठच्या हातातली चिनी मातीची बरणी जमिनीवर पडून खळ्ळकन फुटली. "एका बरणीत बायको मिळाली. असा सौदा पुन्हा जमला नाही," हे शेठ हजारदा सांगत आणि ती हजारदा हसे.

तर त्या गुरुवारी नवं यंत्र यायचं होतं, आपोआप फिरून घर झाडणारं. शेठनी आदल्या दिवशीच शोकेस तयार ठेवली होती. जुना पसारा काढून टाकला, काळी मखमल अंथरली, मधोमध फिरती चकती, तिच्याखाली छोटी मोटर आणि वरून एकच दिवा. ट्रान्सपोर्टच्या कारकुनाने बिल्टी, म्हणजे मालाची पावती, उलटसुलट करून बघितली.

"गाडी वाटेत आहे, शेठ."

"वाटेत म्हणजे कुठे?"

"वाटेत म्हणजे वाटेत. आली की येईल."

शेठ वैतागून परतले. शोकेस पुन्हा भरायची तर अर्धा दिवस मोडणार, म्हणून तशीच ठेवली. दिवा आणि मोटर बंद करायची मात्र राहून गेली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांनी सहज मान वर केली, तर बाहेर काचेसमोर सात-आठ माणसं उभी.

 काळ्या मखमलीवर उजेडाचा एक गोल पडला होता आणि त्या गोलात रिकामी चकती सावकाश फिरत होती. माणसं तिच्याकडे बघत होती. एकाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. का काढली, असं विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यांतले गणिताचे मास्तर आत आले. रोजचं गिऱ्हाईक, एकटा जीव, भाव करण्यात असे पटाईत की दोन खिळे घेतानाही शेठला घाम फोडत. आज त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"शेठ, काय येणार आहे तिथे?"

खरं सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण इतकी वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाची जीभ त्याच्या आधी धावते.

"येईल तेव्हा कळेल, मास्तर."

"आमच्यासारख्याला झेपेल?"

"ते तुम्ही ठरवायचं."

मास्तरांनी मान डोलावली, टेबलावरचा एक दिवा उचलला आणि शेठनी सांगितले तेवढे पैसे दिले. भाव न करता! त्यांच्यामागून बाकीचेही आत आले आणि प्रत्येकाने काही ना काही घेतलं. रिकाम्या हाताने जायला जणू संकोच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी शेठनी पाटी रंगवली, 'येत आहे', आणि चकतीसमोर उभी केली.

"अहो, पण काय येत आहे?" शेठाणीने विचारलं.

"गिऱ्हाईक," शेठ म्हणाले. ती फुर्र करून हसली.

मंगळवारी यंत्र आलं. शेठनी ते दिमाखात चकतीवर ठेवलं. माणसं जमली, त्यांनी बघितलं, आणि एक बाई म्हणाली, "हे होय!" तिच्या आवाजात अशी काही निराशा होती, की शेठना उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटलं. तीन दिवस काचेकडे कोणी फिरकलं नाही. शुक्रवारी शेठनी गुपचूप यंत्र उचलून आत ठेवलं आणि तासाभरात माणसं परत येऊन उभी राहिली.

आता, धंद्यातल्या माणसाला इथे काय दिसतं? आपण आजवर समजत होतो की आपण माल विकतो. खोटं. माल घरी गेला की दोन दिवसांत जुना होतो. माणूस पैसे मोजतो ते अजून न आलेल्या गोष्टीसाठी. शेठच्या डोक्यात हा लख्ख प्रकाश पडला आणि त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, उंच दाराचं एक जुनं प्रार्थनाघर होतं. पूर्वी संध्याकाळच्या प्रार्थनेहून निघालेली माणसं दुकानात डोकावून जात. आताशा ती आधी दुकानापाशीच येत आणि तिथूनच घरी वळत. कोणाला भांडून प्रार्थनाघर सोडावं लागलं नाही, कोणी काही ठरवलंही नाही. प्रार्थनेची वेळ तीच होती, फक्त तोंडं दुसऱ्या बाजूला वळली होती.

महिनाभराने शेठना आणखी एक कल्पना सुचली. काउंटरवर त्यांनी काचेचं मोठं भांडं ठेवलं, शेजारी कागदाच्या चिठ्ठ्या आणि दोऱ्याला बांधलेलं पेन. वर लिहिलं, 'येणाऱ्या वस्तूसाठी तुम्ही काय द्याल? पैसे सोडून.'

"पैसे सोडून कशाला?" शेठाणी म्हणाली. "पैसेच तर हवेत आपल्याला."

"पैसे सगळेच देतात गं. लोकांना जरा वेगळं लिहायला मजा येईल. चिठ्ठी टाकायला आत येतील, आत आले की घेतील."

आणि खरंच मजा आली. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या शेठाणी मोठ्याने वाचायची आणि दुकान दणाणायचं. 'सासूबाई, घरपोच.' 'साहेब, खुर्चीसकट.' 'माझं पोट, अर्धं दिलं तरी चालेल.' तिने स्वतःही एक लिहिली आणि शेठच्या नाकासमोर नाचवली. 'माझं हसू. वापरलेलं, पण चालू स्थितीत.'

"हे कोण घेणार?" शेठ म्हणाले.

"तुम्ही नाही का घेतलंत? बरणी फोडून?"

दोघं हसली. शेठनी चिठ्ठी घडी घालून स्वतःच्या हाताने भांड्यात टाकली.

पुढच्या आठवड्यापासून चिठ्ठ्या बदलल्या. माणसं विनोद करेनाशी झाली. पेन हातात धरून बराच वेळ उभी राहायची, मग पाठ वळवून लिहायची. कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने लिहिलं, 'माझी दुपारची झोप.' मास्तरांनी लिहिलं, 'माझ्या आईचा आवाज. अजून कानात आहे.' शेठाणीने ती वाचायला घेतली आणि मधेच थांबून परत भांड्यात टाकली.

"हे असलं नका ठेवू हो," ती म्हणाली.

"गंमत आहे गं ती."

"मास्तर गंमत करतात कधी?"

याच सुमाराला शेठचं लक्ष मोटरकडे गेलं. चकती हळू फिरायला लागली होती. रोज थोडी हळू, आणि फिरताना घरघर आवाज, वर काही जड ठेवल्यावर येतो तसा. त्यांनी मोटर काढून तपासली, तर ती नुसती हातात धरली की भिंगरीसारखी फिरायची. चकतीखाली बसवली की पुन्हा कण्हत. एका संध्याकाळी ती जळून बंद पडली. शेठनी वायर काढून घेतली. दुसऱ्या दिवशी चकती फिरत होतीच.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी माणूस सांगत नाही, विशेषतः विक्री वाढलेली असताना.

मग वास. नव्या वस्तूचा एक वास असतो, खोक्याचा, प्लास्टिकच्या पिशवीचा, ओल्या रंगाचा, तो सगळ्यांना माहीत आहे. खोकं उघडताना माणूस डोळे मिटून तो नाकात भरून घेतो आणि दोन दिवसांत तो वास उडून जातो. शोकेसमध्ये तो उडत नव्हता. वाढत होता. सकाळी शटर वर केलं की असा अंगावर यायचा, की शेठना क्षणभर गुंगल्यासारखं व्हायचं. मखमलीवर काहीही नव्हतं. फक्त मधोमध मखमलीची लव दबली होती आणि खोलगट गोल पडला होता, मांजर बसून उठावं एवढा.

आणि दिव्याखाली, बारकाईने बघितलं तर, त्या रिकाम्या जागेची अगदी फिकट सावली पडायची.

मास्तर एकदा दुपारीच आले. चेहरा स्वच्छ, शांत, लांबच्या आजारातून उठलेल्या माणसासारखा.

"शेठ, एक गंमत सांगतो. रात्री झोपताना आईचा आवाज आठवायची सवय होती मला. परवा आठवायला गेलो... नाहीच."

"होतं असं, मास्तर. वय..."

"नाही, नाही. चेहरा आठवतो. ओठ हलताना दिसतात. फक्त आवाज नाही." ते शोकेसकडे बघून हसले. "वाईट नाही वाटत हो. उलट माझा नंबर पुढे सरकला, असं वाटतंय."

 शेठनी नकळत मागे वळून बायकोकडे बघितलं. ती काउंटरशी कपबश्या कागदात गुंडाळत होती, रोजच्यासारखी.

त्याच दिवशी संध्याकाळी एक जाडजूड गृहस्थ घडीची खुर्ची बघत होते. खुर्ची मिटली आणि ते तिच्यात असे अडकले, की पाय वर आणि चष्मा कानाला लोंबकळतोय. दुकान हसलं, ते गृहस्थही हसले. शेठाणीचे खांदे हलले. शेठ वाट बघत राहिले. खांदे हलले, नाकातून अर्धा श्वास निघाला, आणि तिथेच थांबलं. शिंक येता येता राहावी तसं.

ती नवऱ्याकडे वळली. डोळ्यांत आश्चर्य होतं.

"अहो... आलंच नाही."

ते पुन्हा आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. शेठनी सगळे जुने किस्से काढले. बरणीचा सांगितला, स्वतः किटलीचं झाकण डोक्यावर घातलं. ती समजुतीने बघायची आणि म्हणायची, "छान आहे." रडली असती तर परवडलं असतं. पण ती दुःखी नव्हती. "हलकं वाटतं हो," म्हणायची, आणि संध्याकाळी सहा वाजले की काउंटर सोडून बाहेर जायची. शेठना आतून काचेपलीकडे तिचा चेहरा दिसायचा, मास्तर आणि शिवणवालीच्या मधे. तिघांच्या तोंडावर एकच उजेड.

अशाच एका रात्री शेठनी भांडं घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर उलटं केलं. दोनशे तरी चिठ्ठ्या असतील. त्यांतल्या कितीतरी कोऱ्या होत्या. पेनाचा दाब कागदावर होता, शाई नव्हती. शिवणवालीच्या चिठ्ठीवर नुसतं 'माझी' उरलं होतं. बायकोची चिठ्ठी सापडायला वेळ लागला. तिच्यावर लिहिलं होतं, 'वापरलेलं, पण चालू स्थितीत.' त्याच्या आधी काही नव्हतं.

सकाळी शेठ रस्ता ओलांडून प्रार्थनाघरात गेले. कित्येक वर्षांत गेले नव्हते. तिथले राखणदार आजोबा एकटेच बाकं पुसत होते. वाळलेला, उंच माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"या शेठ. मीच येणार होतो तुमच्याकडे. म्हटलं, गर्दी असते तुमची, कशाला त्रास द्या."

"चिडला असाल माझ्यावर. तुमची माणसं..."

"छे हो. माणसं काय माझ्या मालकीची होती?" आजोबा बाकावर टेकले. "अकरा उरलीत. त्यांतली दोन थंडीची म्हणून येतात. आमची जागा गरम असते."

शेठनी सगळं सांगितलं. मोटर, वास, मास्तर, चिठ्ठ्या. बायकोचं सगळ्यात शेवटी सांगितलं. आजोबांनी फडकं शेजारच्या बादलीत बुडवलं.

"तुमच्या शोकेसमध्ये मधली जागा रिकामी आहे," शेवटी ते म्हणाले. "आमच्याकडेही मधली जागा रिकामीच असते, शेठ. पण आम्ही ती तशी उघडी नाही सोडत. गाणी म्हणतो, दिवे लावतो, तिला नावं देतो, पुस्तकं वाचतो. लोकांना वाटतं, हे सगळं वरच्याला खूश करायला. असेलही. पण माझ्या आधीचे राखणदार म्हणायचे, त्यातलं अर्धं नुसतं कुंपण आहे."

"कुंपण कशाला?"

"इतकी माणसं... रोज... एकाच जागेकडे तोंड करून मागत राहतात. तिथे काही नसलं, तरी काही दिवसांनी असतं." त्यांनी फडकं पिळलं. "आमच्याकडे त्याला किती द्यायचं ते ठरलेलं असतं. एक दिवा, एक गाणं, तासभर वेळ. तुम्ही त्याला ताटच वाढून दिलंत. शिवाय पैसे नको म्हणालात."

"मग आता बाहेर कसं काढू?"

"ते मला विचारता?" आजोबा खिन्न हसले. "माझ्याकडून तर ते कधीच उठून गेलंय..."

सोमवारी बाजार बंद असे. भर दुपारी, उन्हाने रस्ता पांढरा पडलेला असताना शेठ एकटेच दुकानात आले. शटर अर्धं उघडून आत शिरले आणि ते पुन्हा खाली ओढलं. शोकेसला मागून एक बुटकं दार होतं. ते उघडून शेठ गुडघ्यांवर आत सरकले. नव्या वस्तूचा वास इतका दाट होता, की तोंडावर ओलं फडकं पडल्यासारखं झालं. दिवा बंद होता. चकती फिरत होती.

त्यांनी आधी धंदेवाईक उपाय करून बघितला. जागा रिकामी आहे म्हणून हे झालं ना? मग भरून टाकायची. सोबत आणलेली लोखंडी इस्त्री त्यांनी चकतीच्या मध्यावर ठेवली. ती बसेना. खाली काही दिसत नव्हतं, पण गच्च भरलेल्या फडताळात आणखी एक डबा कोंबावा तशी ती सरकत कडेला आली आणि मखमलीवर पडली. शेठनी तळहात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. फक्त ऊब, बराच वेळ चालू असलेल्या यंत्राच्या पाठीला असते तशी.

मग बोलायचं ठरवलं. आयुष्यभर हेच तर केलं होतं. पण आज पहिलं वाक्य जुळायला वेळ लागला.

"हे बघा..." ते म्हणाले. "तिने गंमत केली होती. गमतीत दिलेलं धरायचं नसतं. बाजारात असं कोणी करत नाही..."

चकती फिरत राहिली.

"बदलून घ्या. मी दुसरं देतो. तिचं परत करा, मी लिहून देतो."

त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. काय लिहायचं? दुकान? ते तर याचंच झालं होतं. डोळे? मग तिला हसताना बघणार कसे? गप्पा? त्यांशिवाय ते कोण? प्रत्येक वस्तू त्यांनी मनात तोलली, उलटी करून बघितली आणि परत ठेवली. गुडघे दुखायला लागले, घाम कॉलरमधून खाली उतरला, आणि बाहेरच्या टळटळीत उन्हात फुटपाथवर कोणीतरी येऊन उभं राहिल्याचा आवाज आला. मग आणखी एकाचा. बाजार बंद असताना.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे शेठ सगळ्यांना शिकवत आले होते. त्या दुपारी त्यांनी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं, 'तिचं हसू परत.' खाली सही केली. बदल्यात काय देणार ते लिहायची मधली जागा मोकळी सोडली आणि चिठ्ठी चकतीवर ठेवली.

ती घसरली नाही. चकती बोटभर वर उचलली गेली, पाठीवरचं पोतं उतरवल्यावर हमाल सरळ होतो तशी, आणि थांबली. वास गेला. मखमलीतला खळगा हळूहळू भरून आला. चिठ्ठी मात्र तिथे नव्हती.

शेठ घरी धावले. जिन्यातच त्यांना ऐकू आलं. फुर्र, आणि मग ते खदाखदा. दूध उतू गेलं होतं, ती ते पुसायला वाकली होती आणि फडक्याऐवजी शेठचा नवा सदरा हातात आला होता. एवढ्यावर ती ओट्याला टेकून डोळे पुसत होती. "अहो, दुधाने धुतलेले आहात आता तुम्ही," ती कशीबशी म्हणाली. शेठ दारातच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. तेही बघून ती हसली.

त्या रात्री त्यांनी स्वतःची झडती घेतली. काय गेलं? सुईत दोरा ओवला, जमलं. दहा वर्षांपूर्वीचे भाव आठवले. वडिलांचा आवाज आठवला, जसाच्या तसा, खोकल्यासकट. लवंग हुंगली, मीठ चाटलं, पाय आपटून बघितले. सगळं जिथल्या तिथे. हा सौदा फुकटात पडला, असं वाटून त्यांना समाधानाची झोप लागली.

मंगळवारी त्यांनी चकती, मखमल आणि पाटी बाहेर काढली आणि शोकेसमध्ये किटल्या मांडल्या, खच्चून, बोट घालायला जागा न ठेवता. दिवसभर शेठाणीचं हसू दुकानात घुमत होतं. सहा वाजता नेहमीची माणसं आली. शेठना वाटलं होतं, थोडी कुरकुर होईल आणि पांगतील.

कोणी कुरकुर केली नाही. माणसं काचेसमोर उभी राहिली. किटल्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. किटल्यांच्या फटींतून ती आत, काउंटरकडे बघत होती. शेठ डावीकडे फडताळाशी गेले. सगळ्यांच्या माना सावकाश डावीकडे वळल्या. शेठ उजवीकडे आले. माना उजवीकडे आल्या. मागे उभ्या असलेल्या एकाने टोपी काढून छातीशी धरली.

शेठनी त्या दिवशी साडेसहालाच दुकान बंद केलं. घरी जाताना त्यांनी मागे बघितलं नाही, पण चपलांचा आवाज येत होता. घाईचा नाही, पाठलागाचाही नाही. दहा पावलांचं अंतर राखून, अदबीने.

"आज लवकर?" शेठाणीने विचारलं.

"डोकं दुखतंय. दाराला कडी लाव."

ते टेबलाशी बसले. तेवढ्यात कोणीतरी दार वाजवलं, अगदी हलकेच, नखाने. शेठ नको म्हणायच्या आत तिने उघडलं. जिन्यावर खालपर्यंत माणसं उभी होती, पुढे मास्तर.

"मास्तर! अहो, सगळा बाजार घेऊन आलात की. काय हवंय?"

मास्तरांची नजर तिच्या खांद्यावरून आत, शेठवर होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"काही नाही, वहिनी. नुसतं बघतोय."

तिला त्याचं इतकं हसू आलं, की दार लावताना कडी दोनदा हुकली. ती हसत हसतच टेबलाकडे आली. मग हसणं हळूहळू ओसरलं. ती शेठसमोर उभी राहिली आणि मान जराशी कलती करून बघत राहिली. तिचा आवाज एकदम हळू झाला.

"अहो... जरा असे उजेडात सरकता का?"

"का? काय झालं?"

 टेबलावरचा दिवा उचलून तिने त्यांच्या अंगावर वळवला, एक पाऊल मागे जाऊन बघितलं, पुन्हा थोडा वळवला. मग खांद्यावरचं फडकं घेतलं आणि त्यांचा डावा खांदा पुसला. उजवा पुसला. कॉलर सारखी केली. दुकानातल्या महाग वस्तूला लावते तसा तिचा हात होता, हलका आणि काळजीचा. बाहेर जिन्यावर कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं.

"अगं, मी आहे..." शेठ म्हणाले.

"हं," ती म्हणाली, आणि फडकं त्यांच्या गालावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

काच पुसताना जो बारीक आवाज येतो, तोच आवाज आला.